वळशातला खटका

टाचणीभाऊंचा उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, म्हणून हे नाव. दुकान बंद केलं, टाचण्या सुटल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता रोज दुपारी ते साडूच्या घरी जायचे आणि मागच्या खोलीतल्या टेबलाच्या भोकात उभे राहायचे.

भोक म्हणजे खरोखरच भोक. साडू बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचं वेड लागलं आणि खोलीभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल ठोकून त्यावर रूळ मांडले. वायरी जोडायला मधोमध माणूस मावेल एवढी जागा कापली, पण तिथे पोचायचं तर टेबलाखालून रांगत जायला हवं, आणि ड्रायव्हरचं पोट काही ते मान्य करेना. टाचणीभाऊ काडीसारखे. ते रांगत आत जायचे, ड्रायव्हर दाराशी कंट्रोलर धरून हुकूम सोडायचे.

पहिला घोळ डाव्या-उजव्याचा झाला. एका रुळाला लाल वायर, दुसऱ्याला काळी. दोन्ही एकमेकींना भिडल्या की सगळं बंद. ड्रायव्हर म्हणाले, उजवा रूळ लाल. आता शिंप्याचा उजवा म्हणजे समोर उभ्या गिऱ्हाइकाचा उजवा. ड्रायव्हरचा उजवा म्हणजे इंजिनाचा उजवा, आणि इंजिन तर उलटंही धावतं. अर्धं टेबल एकाच्या उजव्याने जोडलं गेलं, अर्धं दुसऱ्याच्या. शेवटी बाहेरचा रूळ लाल असं ठरलं आणि गाडी गोल गोल फिरू लागली.

एवढ्यावर भागलं असतं, पण ड्रायव्हरना गोल फिरण्यात राम वाटेना. बस शेवटच्या थांब्यावर वळते आणि आल्या रस्त्याने परत येते, तशी आपली गाडी आली पाहिजे. म्हणून त्यांनी रुळांची वाट बदलणारा सांधा आणला आणि त्याच्यापुढे मोठा वळसा मांडला. वळशाचं टोक सांध्याला परत जोडलं की कंट्रोलर गुरगुरायचा आणि सगळं ठप्प. टोक सोडवलं की गाडी शहाण्यासारखी धावायची. टाचणीभाऊंनी प्रत्येक वायर तपासली. एकही चुकलेली नव्हती. सगळं बरोबर आणि तरी चूक, हे काय गौडबंगाल ते त्यांना कळेना.

खरं तर त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही तेच चाललं होतं. गेल्या वर्षी बायको वारली. त्यानंतर त्यांचा थोरला भाऊ सहज बोलून गेला की साडूपण हे बायकांमुळे लागलेलं नातं. तुझी गेली, मग आता तू तिथे रोज कोणत्या नात्याने जातोस? भाऊ बोलून विसरला. टाचणीभाऊंच्या मात्र ते डोक्यात बसलं. मेव्हणी अजून त्यांना भाऊजी म्हणायची, पण नात्याने की सवयीने? हल्ली त्यांचा चहा चांगल्या कपबशीतून यायचा. पूर्वी कान तुटलेल्या कपातून यायचा. हा मान वाढला की आपण पाहुणे झालो? विचारावं तर तोंड उघडेना. वळसा जुळला तर काम संपलं, मग यायचं कशाला? आणि न जुळलेलं काम हातात ठेवणं तर शिंप्याच्या रक्तात नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एके दुपारी त्यांनी खिशातली मापाची टेप काढली, तिच्या एका काठाला खडूने रेघ मारली आणि ती रुळांवरून वळशाभोवती फिरवून सांध्यापाशी परत आणली. जाताना खडूचा काठ खिडकीकडे होता. परत आला तो भिंतीकडे. घोडं कुठे पेंड खातंय ते तेव्हा कळलं: वळून आल्यावर लाल रूळ काळ्याला भिडत होता. चूक कुणाचीच नव्हती, वळण्यातच ती होती.

ड्रायव्हर दुकानात विचारून आले. उपाय सोपा निघाला. वळशाचा तुकडा दोन्हीकडून कापून वेगळा करायचा आणि वळशाबाहेरच्या रुळांची लाल-काळी उलटवणारा एक खटका लावायचा. गाडी वळशात शिरली की सांधा फिरवून खटका पलटवायचा, मग ती बाहेर येते. टाचणीभाऊंनी रूळ कापले, वायरी ओढल्या. हात मुद्दामच सावकाश चालत होते, कारण आता फक्त खटका बसवायचा राहिला होता.

त्यांनी कंट्रोलरशेजारची जागा मापली. ड्रायव्हर म्हणाले, तिथे नको. सांध्याची मूठ आणि खटका, दोन्ही आत, भोकाच्या कडेला लावा.

"आत?" टाचणीभाऊ गोंधळले. "तिथे तुमचा हात कसा पोचणार?"

"नाही पोचणार."

"मग मी नसलो तर गाडी वळशातच अडकून पडेल."

"पडू दे." ड्रायव्हर कंट्रोलरकडे बघत म्हणाले. "माझा थोरला साडू यायचा असेल तेव्हा येईल. तोवर राहील उभी."

इतके महिने हा माणूस आपल्याला धरून होता आणि आपण कपबशा मोजत बसलो, याची टाचणीभाऊंना लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्यांनी खाली वाकून हातड्रिल घेतलं आणि भोकाच्या कडेला खूण केली. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. जन्मभर टीप कधी तिरकी गेली नव्हती त्या माणसाची. खटक्याचं पहिलं भोक चांगलंच वाकडं पडलं.