पालखी बांधावर उतरली तो दिवस

शिमग्यात आमच्या वाडीचा एक नियम आहे. गावदेवीची पालखी घरं घेत असते, म्हणजे घरोघरी जाऊन ओटी भरून घेत असते, तोवर वाडीतल्या कुणी गावाची शीव ओलांडायची नाही. मुंबईहून सणाला आलेल्यांनीसुद्धा नाही. पालखी शेवटचं घर करून सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावर, बसली, की मग ज्याला जिथं जायचं तिथं त्यानं जावं. हा नियम माझ्या आजाच्याही आधीचा, आणि तो पाळून घ्यायचं काम माझं. कारण पालखीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे काही पाठ केलेलं स्तोत्र नव्हे. देवीसमोर उभं राहायचं आणि गावाच्या वतीनं मोठ्यानं सांगायचं, बाई, हे असं आहे, तू सांभाळ. माझी शाळा चौथीत सुटली, पण गाऱ्हाणं घालताना माझा शब्द कधी अडला नाही. ही बढाई नाही. वाडीत कुणालाही विचारा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, कुडपणच्या अंगाला. त्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तेव्हा कुठं हे पहिलं पोर, मुलगी. दोनेक महिन्यांची झाली होती. जावई मुंबईला, कारखान्यात पाळीवर. बाळंतपण माहेरी, म्हणजे पोर दुसऱ्याच्या घरचं आणि जोखीम आपली. ही जोखीम काय असते ते ज्यांनी लेकी उजवल्या त्यांना सांगायला नको.

पालखीच्या दिवशी सकाळी पोर जरा मलूल वाटलं. माझी बायको म्हणाली, "टोचणीचा ताप हाय. अंग धरलं असंल." डोस दिला की पोरं तापतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तिनं ओव्याची धुरी दिली, पोराला टोपडं घातलं, वर गोधडी लपेटली आणि खोलीची खिडकी लावून घेतली. घाम आला की ताप जातो. माझ्या सगळ्या पोरांना असंच केलं होतं. मीही म्हणालो, बरोबर आहे.

लेक म्हणाली, "टोचून आठवडा होऊन गेला, आई. टोचणीचा ताप आता कशाला येईल?"

"तुला काय कळतंय गो, तुझं पहिलंच हाय."

लेकीनं मुंबईहून आणलेला थर्मामीटर पोराच्या काखेत लावला, बघितला आणि गोधडी काढून बाजूला टाकली. टोपडं काढलं. खिडकी उघडली. बायको ओरडली, "वारं लागंल!" लेक म्हणाली, "लागू दे. शंभराच्या वर गेलाय, आणखी किती तापवता तिला?" मग पोर आईच्या हातात देऊन ती देवळामागच्या खडकावर गेली. आमच्याकडे फोन तिथंच लागतो.

परत आली ती घामाघूम. मी तेव्हा अंगणात फेटा बांधत होतो. म्हणाली, "बाबा, उपकेंद्राच्या सिस्टरला फोन केला. ती म्हणते, तीन महिन्यांच्या आतलं लेकरू तापलं तर घरी ठेवायचंच नाय. औषधसुद्धा आपल्या मनानं पाजायचं नाय. सरळ खाली आणा म्हणते."

"आणि जावईबापू काय म्हणाले?"

"ते म्हणाले, बाबांना विचार. बाबा ठरवतील ते."

आता हे ऐकून कुणाला वाटेल की मला बरं वाटलं असेल. वाटलंही, खोटं कशाला बोलू. जावयानं आपल्या शब्दाला मान दिला म्हणजे छाती फुगतेच. पण दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं. त्यांचं पोर, माझं घर, आणि ठरवायचं मी. खालच्या आवाठात, म्हणजे वाडीच्या खालच्या वस्तीत, बाजा वाजायला लागला होता. पालखी निघाली होती.

मी म्हणालो, "पालखी बसू दे. तिसऱ्या प्रहरापर्यंत बसंल. मग लगेच निघू."

"तवर नाय थांबायचं."

"अगं, सगळ्या वाडीला मी अडवतो आणि माझ्याच घरासाठी गाडी कशी काढू?"

"गाडी नको. मी चालत उतरते." आणि ती खरंच पायात चपला घालायला लागली. पोरगी माझ्यावर गेली आहे हे सगळे म्हणतात, मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

बायको आतून पोराला घेऊन आली. तिचा चेहरा बदलला होता. हळूच म्हणाली, "अवो, पिईना झालीय. घेते नि सोडून देते. रडत पण नाय."

मी पोराच्या कपाळाला हात लावला. माझा हात नांगराचा, त्याला सहसा काही गरम लागत नाही. त्या दिवशी लागलं. पोरानं डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. इतक्या लहान जिवानं रडायचं सोडलं, हे मला त्या तापापेक्षा वाईट वाटलं. मी लेकीला म्हणालो, "चपला घाल, पण चालायचं नाय. मी आलो."

पालखी तेव्हा वाटेवर होती, दोन घरांच्या मधी. खालूबाजा जोरात, पोरं नाचतायत, गुलालानं सगळे लाल. मी समोर जाऊन दोन्ही हात वर केले. बाजा थांबला. सगळ्यांना वाटलं, गाऱ्हाण्याची वेळ झाली.

मी गाऱ्हाणंच घातलं. म्हणालो, "आई, आजवर गावासाठी बोललो, आज घरासाठी बोलतोय. माझ्या लेकीचं पोर तापानं फणफणलंय, ते खाली न्यायचंय. तू घरं घ्यायच्या आधी मी शीव ओलांडतोय. राग आला तर माझ्यावर ये, गावावर नको, पोरावर नको." एवढंच. त्या दिवशी मात्र माझा शब्द मधे एकदा अडला.

आमच्या भावकीतला एक म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. बांधावरून आमचं जुनं वाकडं. तो म्हणाला, "घ्या! नियम सांगणाराच निघाला नियम मोडून."

मी म्हणालो, "मोडला नाय. देवीसमोर बाजूला ठेवलाय. तुला मोडायचा असंल तर तूही येऊन असाच सांग."

आमचे गुरव हसले नाहीत की रागावले नाहीत. पालखीतला अंगारा चिमटीत घेऊन माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा पोराच्या कपाळाला लाव नि पळ. भांडत काय उभा ऱ्हातोस?"

गाडीचा प्रश्न होता. एरवी वाडीत गाडी मिळत नाही, पण शिमग्याला मुंबईकरांच्या गाड्या उभ्या असतात. नाचणाऱ्यांतला एक तरुण पुढं आला. मुंबईत टॅक्सी चालवतो. म्हणाला, "आजा, मी गाडी काढतो. गेल्या साली मला ड्युटीवर जायचं होतं तर तुम्ही शिवेवर आडवे झाला होता, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग आज मी नाय म्हणू का?"

"म्हण की."

"छोडो आजा, टेन्शन नका घेऊ. पोरीला आणा." आणि धावत गेला. त्याच्या कपाळावरचा गुलाल घामानं डोळ्यांत उतरला होता, तो पुसायलाही थांबला नाही.

बायको म्हणाली, ती घरीच राहते. घर उघडं पाहिजे, ओटी कुणी भरायची? लेक पोराला पातळ धुवट साडीत घेऊन मागं बसली, मी पुढं.

आता आमची वाट अरुंद, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. वाटेवर पालखी. पालखीला मागं टाकून पुढं जायचं नाही, हा तर आणखी मोठा नियम. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मी बघतो तर भोयांनी पालखी खांद्यावर पेलली आणि वाट सोडली. एक एक पाऊल टाकत ते खाचराच्या बांधावर उतरले. सुकलेली ढेकळं, पाय मुरगळायची भीती, तरी पालखी जराही कलू दिली नाही. देवीनं आमच्यासाठी वाट सोडली होती. बाजेवाल्यांनी बाजा वाजवला नाही, पोर दचकेल म्हणून. सगळी वाडी गप्प उभी होती आणि आमची गाडी त्यांच्यामधून गेली. तो भावकीतला म्हातारा कडेला होता. त्यानं काठीनं वाटेवरचा एक धोंडा बाजूला सारला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. मीही बघितलं नाही. पण धोंडा मी बघितला.

पोलादपूरला डॉक्टरीण बाईंनी पोराला तपासलं, लगेच महाडला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं आणि फोन करून कळवलंही. महाडला पोचलो तेव्हा मी अजून फेट्यात आणि गुलालात. दारावरचा राखणदार म्हणाला, "आजोबा, कुठल्या मिरवणुकीतून आलात?" मी म्हणालो, "देवीच्या. बाजूला हो."

तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षाही लहान. लघवी तपासली, रक्त तपासलं. लघवीच्या वाटेला जंतू झाले होते, असं त्या म्हणाल्या. एवढ्या लहान पोरांना ते रक्तात चढायला वेळ लागत नाही. एवढ्याशा हाताला सुई लावली तेव्हा मी बाहेर गेलो. बैलाला वेसण घालताना मी कधी तोंड फिरवलं नाही, पण ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. जावई तोवर पोचले होते. मी त्यांना काय तोंड दाखवू या विचारात होतो. ते आले, माझ्या पायांना हात लावला आणि सरळ पोराजवळ गेले. मला एक शब्द विचारला नाही. त्याचे उपकार मी मानतो.

संध्याकाळी डॉक्टरीण बाई फेरीला आल्या. म्हणाल्या, "वेळेत आणलंत. पुष्कळ लोक गोधडीत गुंडाळून दोन-दोन दिवस घरी बसतात. आणायचं कुणी ठरवलं?"

कौतुक मला आवडतं, मी कशाला नाकारू? तोंड उघडलंही होतं. पण लेक समोर बसली होती, केस विस्कटलेले, काल सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. मी म्हणालो, "हिनं."

लेक म्हणाली, "नाय हो, बाबांनी. त्यांनी देवीला वाटेवरनं उतरवलं."

डॉक्टरीण बाईंना यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "कुणी का आणेना, आता या आईला आधी काहीतरी खायला घाला. तिनं खाल्लं तर पोराला मिळेल."

जावई धावत जाऊन भाजी-चपाती घेऊन आले. लेकीला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिनं पोर माझ्याकडे दिलं. आमच्याकडे बाप्ये माणसं एवढं लहान पोर घेत नाहीत. माझी स्वतःची पोरं मी चालायला लागल्यावर उचलली. मी अवघडून बसलो, कोपर मांडीवर टेकवून, डोक्याखाली हात धरून. पोराचं अंग कोमट होतं, कुणाही निरोगी पोराचं असतं तसं. ते माझ्या फेट्याच्या सोग्याकडे बघत होतं आणि तोंडानं चोखल्यासारखं करत होतं. भूक लागली होती त्याला.

लेकीचं जेवण झालं, हात धुऊन ती आली. म्हणाली, "द्या, बाबा."

मी म्हणालो, "जरा थांब गो. तुझं पाणी पिऊन होऊ दे आधी."