न हलणारा आकडा

आमच्या भावोजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान रस्त्यालगत, आणि त्याच्याच खाली तळघरात ताईचं शिलाई मशीन. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. भावोजींचा शब्द गल्लीत शेवटचा. कुणी बंद घड्याळ आणलं की ते कानाशी धरायचे, "बंद आहे" म्हणायचे आणि विचारायचे, "कधीपासून?" जणू गिऱ्हाइकानेच गुन्हा केलाय.

आमच्याकडे जमिनीतून रेडॉन नावाचा वायू घरात शिरतो. त्याला ना रंग ना वास, पण वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून लोक तळघरात तो मोजणारं यंत्र ठेवतात. भावोजींनी कुठूनसं एक जुनं, पांढरं यंत्र पैदा केलं होतं. त्याचा आकडा कायम धोक्याच्या पातळीच्या खाली. मला काही भरवसा वाटेना. मी नवं काळं यंत्र आणून ताईच्या मशीनशेजारी ठेवलं. त्याचा आकडा धोक्याच्या वर गेला, मग उतरला, पुन्हा चढला.

भावोजींनी निकाल लावून टाकला. "रोज वेगळं सांगतं ते मोजायचं यंत्र कसलं? पांढरं बघ, तसूभर हलत नाही."

"खिडकी उघडी ठेवली की काळ्याचा आकडा उतरतो हो," ताई म्हणाली. "थंडीत सगळं बंद असलं की चढतो."

"यंत्र आहे का मांजर, खिडकी बघून वागायला?"

ताई हसली. तिची खोडच ती, नवऱ्याच्या विनोदाला हसायचं आणि विषय सोडून द्यायचा. काळं यंत्र माळ्यावर गेलं. घरातली हवा रोज बदलते, मग तिचा आकडा रोज तोच कसा, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्या माणसाच्या डोक्यात आली नाही. मला आजही संताप येतो.

पुढे ताईचा खोकला हटेना. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान व्हायला उशीर झाला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, "नेमकं कशामुळे झालं ते सांगता येणार नाही." भावोजी त्या वाक्याला घट्ट धरून बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे, वर पांढरं यंत्रही दाखवायचे.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी ते यंत्र उचललं आणि गच्चीवर, भर वाऱ्यात नेऊन ठेवलं. आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. मग भावोजींना वर घेऊन गेले. उघड्या आभाळाखाली आकडा तोच होता, तळघरातला.

त्यांनी आकडा बघितला. मग सवयीने यंत्र कानाशी धरलं.

"बंद आहे," ते म्हणाले. आणि तेही सवयीनेच, "कधीपासून?"

"ताईला विचारा," मी म्हटलं आणि जिना उतरले.