पंख्याचं बटण

भामट्यांचे सिनेमे मला मुळीच आवडत नाहीत. नवऱ्याला फार आवडतात. रविवारी जेवण झालं की तो टीव्हीसमोर पाय पसरतो आणि कुणीतरी कुणाला तरी गंडवताना बघून खूश होतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक लागला होता. एक भामटा आणि एक बाई नवरा-बायको असल्याचं सोंग घेतात, दुसऱ्याच्या रिकाम्या बंगल्याला आपलं घर म्हणतात आणि एका एकट्या म्हाताऱ्याला हळूहळू जाळ्यात ओढतात. मारामारी नाही, सगळा मनाचा खेळ. त्यात ती बाई चहा करायला उठते आणि तिला साखर सापडत नाही. ती एकामागून एक कपाटं उघडते. म्हातारा बघतो आणि हसतो.

नवऱ्यानं तिथंच सिनेमा थांबवला. "बघ, हितंच कळायला पाहिजे होतं की! सोताच्या घरात कुणाला साखर घावत न्हाय? लई येडं म्हातारं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या म्हाताऱ्याला मी ओळखते. ते माझे वडील.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते माळशिरसकडच्या आमच्या गावाहून सोलापूरला मुलाचं घर बघायला आले. मुलीच्या बापानं घर बघून यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यांना होटगी रोडचा एक बंगला दाखवला गेला. उकडत होतं म्हणून सासूबाई पंखा लावायला उठल्या. एक बटण दाबलं तर बाहेरचा दिवा लागला. दुसऱ्यानं काहीच झालं नाही. असं करत करत कधीतरी पंखा फिरला. नवरदेव शेजारीच मान खाली घालून बसला होता. वडील घरी येऊन आईला कौतुकानं सांगत होते, "एवढं मोटं घर, पण बाईला बटणंबी ठावं न्हाईत. साधी माणसं हायती."

बंगला सासऱ्यांच्या साहेबांचा होता. आमचं घर म्हणजे पूर्व भागातल्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. मला पहिल्यांदा माहेरी न्यायला आले तेव्हा वडिलांनी त्या खोल्या पाहिल्या. चहा प्यायले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत, आईलासुद्धा नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. आणि त्या दिवशी मान खाली घालून बसलेला माणूस आता मला सांगत होता, म्हातारं येडं होतं.

"पुढं त्या म्हाताऱ्याचं काय होतं?" मी विचारलं.

"त्याचं काय व्हायचंय? त्याचं काम संपलं." त्यानं सिनेमा पुढं सुरू केला.

थोड्याच दिवसांत आमच्या मुलाला मंद्रूपचं स्थळ आलं. मुलीकडचे घर बघायला येणार म्हटल्यावर नवरा म्हणाला, जुळे सोलापुरातला मित्राचा बंगला रिकामाच आहे, किल्ली आपल्याकडंच आहे. मी मुलाकडं बघितलं. त्यानं मोबाईलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "दोन तासांचा तर प्रश्न आहे, आई." मला दोघांचीही किळस आली. मी गप्प बसले. मी गप्प बसले की यांना वाटतं, जमलं.

मुलगी आणि तिचे वडील आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. चहा झाला. मुलीच्या वडिलांनी टोपी काढून घाम पुसला. "लई उकडतंय की."

नवरा उठला. पहिलं बटण दाबलं, जिन्यातला दिवा लागला. मग दुसरं. मग तिसरं. मुलीचे वडील हसायला लागले. "मोटं घर म्हटल्यावर असंच व्हायचं," म्हणाले. त्यांना कौतुकच वाटत होतं.

"भाऊ," मी म्हणाले, "हे घर आमचं नाही. आमच्या दोन खोल्या आहेत. चला, दाखवते. तिथल्या पंख्याचं बटण मला डोळे मिटून सापडतं."

नवऱ्याचा हात भिंतीवरच राहिला. त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि माझ्या मुलाला विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

मुलानं मान खाली घातली, अगदी बापासारखी. मुलगी आपल्या वडिलांच्या आधी उठली. आमच्या खोल्या बघायला कुणी आलं नाही.

घरी आल्यावर नवरा दार आपटून बाहेर गेला. मुलगा तोंड फिरवून म्हणाला, "स्वतःच्या पोराचं लग्न मोडलंस तू."

हो, मोडलं. माझं मोडायला तेव्हा तिथं कुणी नव्हतं.