शशिकलाबाईंचा लिफाफा

शशिकला ढमढेरे यांना "जाऊ द्या ना ताई" असं म्हणणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. अशी उतरलेली माणसं इंदुरात बरीच आहेत आणि त्यांत अधूनमधून त्यांचे यजमान जयसिंगरावही असतात.

बाईंचं वय छप्पन्न. भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत, दोन होस्टेलांच्या मधे त्यांचं शिवणाचं दुकान आहे. कोचिंगला आलेल्या पोरांच्या जीन्स आखूड करण्यापासून सुरुवात झाली, मग शाळांचे युनिफॉर्म आले, आणि आज नऊ मशिनींवर नऊ बायका बसतात. पण बरंचसं काम कापडबाजारातल्या दुकानांचं. शिवायचं यांनी आणि कॉलरला लेबल लागायचं दुकानाचं. तीस वर्षांत बाईंच्या नावाचा एक कागद कुठे लागला असेल तर शपथ.

म्हणून मागच्या वर्षी पेपरात ती चार ओळींची जाहिरात दिसली तेव्हा त्यांनी ती कापूनच ठेवली. इंदूरपासून तासाभरावरच्या एका नगर परिषदेला (नाव सांगत नाही, सांगून त्यांची अब्रू काय वाढणार आहे?) सफाई करणाऱ्या बायकांसाठी एकशे ऐंशी जोड कुर्ता-सलवार शिवून हवे होते. दर बंद लिफाफ्यात, सोबत एक शिवलेला नमुना.

"आपल्या घराण्यात कुणी ठेकेदारी केली नाही," जयसिंगराव म्हणाले. कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते हे पाहुण्यांना चहाच्या आधी सांगणारा. "आणि ते लोक पहलेच सेट करून बसलेले असतात. फालतू दिमाग कशाला लावतेस?"

"तुमचे पणजोबा घोड्यावर बसायचे तेव्हा त्यांचा अंगरखा कुणीतरी शिवलाच असेल ना? मी त्याच्या घराण्यातली," बाई म्हणाल्या आणि फॉर्म भरायला बसल्या.

त्या गावात एक रीत होती. लिफाफे द्यायच्या दिवशी सकाळी सगळे ठेकेदार परिषदेसमोरच्या पोह्यांच्या गाडीवर जमायचे. या वेळी ठेका घ्यायचा नंबर कुणाचा ते तिथे ठरायचं. ज्याचा नंबर त्याने सगळ्यांना पोहे खिलवायचे, बाकीच्यांनी मुकाट चढे दर लिहून लिफाफे चिकटवायचे. त्याची प्लेट हातात घेतली की तुम्ही कबूल झालात. सही नाही, शिक्का नाही, पण ही जबान आजवर कुणी मोडली नव्हती.

त्या दिवशी नंबर नीरजचा होता. नीरज म्हणजे नळाचे पाइप आणि रस्त्यावरचे दिवे पुरवणारा तरुण ठेकेदार, बोलायला साखर. "ताईजी, या. शेव जास्त टाकायला सांगतो. बुरा नका मानू, इस बार आपलं आहे. अगली बार तुमचं बघू."

"मी खाऊन आले, भिया."

गाडीवरचे सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. पोहे नाही म्हणणारी बाई इंदूरच्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नसावी. शशिकलाबाई रस्ता ओलांडून गेल्या आणि मनात ठरवलेलाच दर असलेला लिफाफा पेटीत टाकून आल्या.

लिफाफे उघडले तेव्हा सर्वांत कमी दर त्यांचाच निघाला. मग परिषदेला अचानक दर्जाची आठवण झाली. नमुने बघून परिषदेच्या बैठकीत निर्णय होईल असं ठरलं. बैठकीत मुख्याधिकारी साहेबांनी चष्मा पुसून वाचून दाखवलं, की श्रीमती ढमढेरे यांची शिवण निकृष्ट आहे आणि नीरज यांचा नमुना उत्तम आहे.

निकृष्ट. तीस वर्षं मशीन मारणाऱ्या बाईला हा शब्द भरसभेत ऐकवला. त्यांची कानशिलं तापली. पण रडणं त्यांच्या स्वभावात नाही, त्या सरळ उठल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही कुर्ते बघू शकते?"

बघायला नाही म्हणता येईना. बाईंनी नीरजचा कुर्ता उचलला, बाही उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली. काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला होता. दिवसभर झाडू मारणाऱ्या बाईचा कुर्ता आधी काखेत फाटतो, म्हणून कामाच्या कपड्यांना त्या असा तुकडा लावतात. कापड जास्त जातं, वेळ जातो, म्हणून बाजारात दुसरं कुणी ही मेहनत घेत नाही. झालं होतं असं, की पाइप विकणाऱ्या नीरजने कापडबाजारातल्या एका दुकानातून नमुना शिवून घेतला. दुकानदाराने तो नेहमीप्रमाणे शिवायला भंवरकुआंला, बाईंकडेच पाठवला. कुणी शिवला हे नीरजने विचारलं नाही. शिवणारीचं नाव विचारायची पद्धतच नाही, आणि तिथेच गडी फसला.

बाईंनी दोन्ही कुर्ते उलटे करून अध्यक्षांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "साहेब, हे दोन्ही माझ्याच दुकानातले. टाके मोजा, धागा बघा. माझ्या नावाने निकृष्ट आणि यांच्या नावाने उत्तम, हे कसं ते मला लिहून द्या."

एक पार्षद, म्हणजे नगरसेवक, फसकन हसला. नीरज मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. अध्यक्ष मात्र मुरलेले. ते गोड आवाजात म्हणाले, "अरे, मग तर काम सोपं झालं. ठेका नीरजचा राहू दे, शिलाई ताईजींची. सबका भला."

"पूरी शिलाई तुम्हालाच देतो ताईजी," नीरजही लगेच म्हणाला.

"शिलाई तर मला बाजारही देतो. मी इथे नावासाठी आले. ऑर्डर माझ्या नावाने काढा, नाहीतर कारण लिहून द्या."

कारण कुणी लिहून दिलं नाही. तांत्रिक अडचणीमुळे निविदा रद्द, असं ठरवून बैठक चहाला उठली.

खरी बोलणी त्यांना दुकानात बसली. गंगूबाई म्हणजे पहिल्या मशीनपासून बरोबर असलेली बाई. तिने कात्री खाली ठेवली. "ताई, एकशे ऐंशी जोड म्हणजे आम्हा नऊ जणींचे दोन महिने होते. तुमच्या नावाने आमची चूल पेटत नाही."

शशिकलाबाईंना हे झोंबलं, कारण ते खरं होतं. "पुढे ठेका नीरजला मिळाला आणि तुला त्याच्याकडे शिवायला जायचं असेल तर जा, मी राग नाही धरणार," त्या म्हणाल्या. "पण आज मी मान खाली घातली तर उद्या तू शिवलेल्याला कुणीही निकृष्ट म्हणेल, आणि आपण दोघी ऐकून घेऊ." गंगूबाईने कात्री पुन्हा हातात घेतली. दुकान सोडून ती गेली नाही.

महिन्याने नवी जाहिरात आली. आता त्यात अट होती, की सरकारी पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. दाराला कुलूप लावायचं आणि आत का येत नाही म्हणून विचारायचं, असा हा कारभार. जयसिंगरावांनी जाहिरात दोनदा वाचली. "आता तर तू बसतच नाहीस यात," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच फॉर्म पुढे ओढला. "अक्षर तुझं खराब आहे. आण, मी भरतो."

या खेपेला गाडीवर बाईंना कुणी पोहे विचारले नाहीत. लिफाफे उघडायला त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि शेजारी गंगूबाई, न सांगता आलेली. भिंतीला टेकून सफाईच्या सात-आठ बायका उभ्या होत्या; दोन्ही नमुने कुणी शिवले होते हे त्यांनाही कळलं होतं.

"ताईजी, तुम्ही अपात्र आहात," लिफाफे उघडणारा परिषदेचा बाबू हळूच म्हणाला. "पुन्हा कशाला त्रास घेता?"

"नाकारायचं असेल तर नाकारा," बाई म्हणाल्या. "पण नियम आहे. आधी नाव वाचायचं, मग कारण वाचायचं, मग नोंद करायची. सगळ्यांसमोर. या वेळी वाचा, पुढच्या वेळीही मी भरणार आहे, तेव्हाही वाचा."

बाबूने मान खाली घालून भरभर उरकलं. "शशिकला ढमढेरे, अनुभव नाही, अपात्र."

"पुन्हा वाचा," गंगूबाई म्हणाली. "मला ऐकू कमी येतं."

गंगूबाईचे कान ठणठणीत आहेत. बाबूने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीजवळच्या बायका हलल्या नाहीत. मग त्याने घसा साफ केला आणि या वेळी सावकाश, मोठ्याने, पूर्ण नाव वाचलं.