दोरीखालचं लोखंड

तो चाकू आमच्या स्वयंपाकघरातला नव्हता. त्यानं कधी कांदा चिरला नाही की मिरची. माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी तो वेगळा काढून ठेवला होता. पोट वाढत गेलं तशी मला त्या चाकूची भीती वाटायला लागली, आणि ती कुणाला दाखवायची नाही एवढी अक्कल मात्र माझ्याकडे नको तितकी होती.

साठ साल उलटलं होतं. मिरजेकडच्या खेड्यातून मी लग्न होऊन हुबळीला आले होते. हे गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत थोरले दीर आणि जाऊबाई. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मला कानडी येत नव्हतं, पण येत नाही हे कबूल करणार कोण? कुणी काही बोललं की मी मान हलवून 'तिळीतु' म्हणायचे, म्हणजे 'कळलं'. शेजारणीनं एकदा तिची म्हैस मेल्याचं सांगितलं. मी हसून 'तिळीतु' म्हटलं. पुढं तिच्याकडून ताक येणं बंद झालं, तर मी घरात सांगितलं, बाई चिक्कू आहे.

अशी मी शहाणी, आणि अशा शहाणीच्या पोटात मूल.

त्या वेळी आमच्या वस्तीत बाळंतपणं घरीच व्हायची. सूलगित्ती, म्हणजे सुईण, यायची आणि नाळ कापायला घरातलंच काहीतरी धारेचं मागायची. जाऊबाईंच्या वेळी त्या माहेरी होत्या. तिथं गवताचा विळा दिला होता. मूल चांगलं रडत आलं, दोन्ही पाय झाडत होतं म्हणे. आठवडा सरला नाही तोच त्याचं तोंड मिटलं ते दुधाला उघडेना. मग अंग धनुष्यासारखं ताठ व्हायला लागलं. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं बाहेरचं. दवाखान्यातली नर्स एवढंच म्हणाली, "विळ्याला गंज होता का?" तोवर मूल हाती राहिलं नव्हतं.

हे मला जाऊबाईंनी सांगितलं नाही. आत्तींनी सांगितलं, तेही पीठ मळता मळता, खाली मान घालून. मला दिवस गेल्यावर जाऊबाई आमच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. पाण्याला भेटल्या तर माझ्या पोटाकडे न बघता घागर उचलायच्या. मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांचं दुःख मला लागेल अशी भीती वाटायची. आता लिहिताना स्वतःचीच कीव येते, पण तेव्हा खरंच वाटायचं.

म्हणून ह्यांनी नवा चाकू केला. वर्कशॉपात लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं पातं तुटलं होतं, ते ग्राइंडरवर घासून त्याला धार काढली. टोकापासून शेपटापर्यंत एकच सलग लोखंड, मूठ वेगळी नाही. ह्यांनी तो माझ्यापुढं धरला तेव्हा त्यात माझा चेहरा अर्धाच दिसला, आणि मला तेही वाईट लक्षण वाटलं.

आत्ती म्हणाल्या, "नाळ कापून झाली की हाच उशाखाली ठेवायचा."

हे म्हणाले, "आई, छप्पनला दीक्षा घेतली आपण. भूतबीत आपण मानत नाही आता."

"मी कुठं मानते? आपण दीक्षा घेतली हे त्यांना कोण सांगायला गेलंय का?"



सातवा महिना लागला तशी सूलगित्ती बघायला आली. तिला सगळे अक्का म्हणायचे. आत्ती भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या कामावर गेल्या होत्या, हे वर्कशॉपात. घरात मी आणि माझं कानडी. अक्कानं पोट दाबून पाहिलं, चाकू मागितला, धार नखावर तपासली आणि मला काहीतरी बजावलं. त्यातले दोन शब्द मी पकडले, "सुट्टु इडु".

इडु म्हणजे ठेव. पण तो पहिला शब्द माझ्या कानात शिरला तो 'सुत्तु' होऊन. सुत्तु म्हणजे गुंडाळ, हे मला ठाऊक होतं, कारण पटका सुत्तु, दोरी सुत्तु असं रोज ऐकायचे. शिवाय आपल्या मराठीतलं सूत त्यात अगदी चपखल बसत होतं. गुंडाळून ठेव. बरोबरच आहे, बिनमुठीचा चाकू ओल्या हातातून सटकेल. मी जोरात म्हटलं, "तिळीतु." अक्कानं समाधानानं माझी हनुवटी धरली.

आता हातात काम आलं आणि भीतीला कुठंतरी बसायला जागा मिळाली. मी सुतळी घेतली. घट्ट बसावी म्हणून पाण्यात भिजवली, वाळली की आवळते हे गावाकडं खाटेला पाहिलेलं. आणि त्या कोऱ्या लोखंडावर, खाली काही न लावता, वेढ्यावर वेढे घातले. मूठ झाली तरी मन भरेना. पात्यावरही चढत गेले. शेवटी बोटाच्या पेराएवढं टोक उघडं राहिलं. चाकू कसला, हळद लावलेलं लहान पोर घोंगडीत गुंडाळल्यासारखं दिसत होतं. मी तो डब्यात ठेवून झाकण लावलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

काही दिवसांनी ह्यांनी डबा उघडला. सुतळीवर तपकिरी डाग उठले होते.

"हे काय?"

"अक्कानं सांगितलंय गुंडाळून ठेवायला."

"मूठ गुंडाळायची असते की. पातं कशाला बांधलंस, पळून जाणार होतं काय?"

त्यांनी सुतळी कापली. खाली मुठीच्या आणि पात्याच्या लोखंडावर गंज धरला होता, बारीक, लालसर, वेढ्यांच्या रेघांसकट. मी भिंतीला टेकले. जाऊबाईंच्या बाळाचं न पाहिलेलं तोंड मला त्या रेघांत दिसलं. हे बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं.

"अगं, रडतेस काय? ओली दोरी लोखंडावर घातली की असंच होणार. वरनं सगळं नीट दिसतं आणि आत खात सुटतं. बस इथं."

त्यांनी काचपेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं. मूठ दिव्यावर जराशी कोमट केली आणि तिच्यावर मेण फिरवलं. मेण विरघळून बारीक थर बसला. त्यावर मेणातच बुडवलेली जुन्या धोतराची पट्टी, आणि तिच्यावर भोवऱ्याची सुती दोरी. दोरीचं एक टोक आधी मुठीवर उभं दुमडून ठेवलं, त्याच्यावरून वेढे घेत गेले, एकाला एक चिकटून, मध्ये नख शिरणार नाही असे. शेवटचं टोक त्या दुमडीतून ओवलं आणि खालून ओढलं. टोक आत गडप झालं, गाठ कुठंच नाही.

"आता आत पाणी जात नाही, घाम जात नाही," ते म्हणाले. "हात दोरीला लागतो, लोखंडाला नाही."

मी रोज तो चाकू काढून मुठीवर नाक टेकवून वास घ्यायचे. गंजाला वास येतो असं मला वाटायचं. मेणाचाच वास यायचा. तरी वाटायचं, वरनं नीटच दिसणार. आत काय चाललंय ते दोरी सोडल्याशिवाय कळणार नाही, आणि सोडली तर पुन्हा अशी बांधता येणार नाही. माझ्या पोटाचंही तसंच होतं.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. आत्ती घरीच होत्या, त्यांनी अक्काला बोलावून आणलं. हे बाहेर कट्ट्यावर. शेगडी पेटवली, पाणी ठेवलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एवढं नक्की आठवतं की मी कानडीत ओरडायचं ठरवलं होतं आणि ओरडले शुद्ध मिरजेच्या मराठीत.

मुलगी झाली. रडली. अक्कानं तिला नाळेसकट माझ्या पोटावर ठेवलं, नाळ दोन जागी दोऱ्यानं बांधली आणि चाकू निखाऱ्यांवर धरला. सलग लोखंड ते. पातं तापलं तशी मूठही तापली. मेण पाझरलं, थेंब निखाऱ्यात पडला आणि भपकन जाळ उठला. बघता बघता भोवऱ्याची दोरी पेटली. अक्कानं चाकू जमिनीवर टाकला. खोलीभर धूर, आणि त्या धुरात माझं मूल माझ्याशी नाळेनं बांधलेलं.

"इदन्न यार सुत्त्यार?" अक्कानं विचारलं. हे कुणी गुंडाळलं?

हे वाक्य मला पूर्ण समजलं. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं कानडी वाक्य समजल्याच्या नादात मी त्या अवस्थेतही मान वर करून म्हटलं, "नानु." मी. ही दोरी ह्यांनी बांधली होती हेही विसरले.

"ना सुडु अंदेनि, नी सुत्ती?"

आत्तींनी कपाळाला हात लावला. "पोरी, ती जाळ म्हणाली होती. तापवून ठेव, जंतू मरतील म्हणून. तू दोरी गुंडाळत बसलीस होय?"

सुडु म्हणजे जाळ, सुट्टु म्हणजे जाळून, माझं सुत्तु नव्हतंच ते. मला हुंदका आला तो थांबेना. जे करायला सांगितलं होतं ते मी केलंच नव्हतं. त्या चाकूला विस्तव असा आत्ताच लागला, तोही असा काजळी धरून. विळ्यात आणि ह्यात फरक काय राहिला? "दुसरं काहीतरी द्या," मी म्हणत होते, "दुसरं काहीतरी."

"हेदरब्याडव्वा," अक्का म्हणाली, भिऊ नको बाई. नाळ बांधली आहे, घाई काही नाही, असं तिनं आत्तींना सांगितलं. आत्तींनी चाकू पाण्यात बुडवला, चर्र झालं. जळकी दोरी आणि पट्टी ओरबाडून काढली. मग मूठ उजेडात धरून मला दाखवली. खालचं लोखंड स्वच्छ होतं, कुठं डाग नाही. काजळी राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं धुतली, आणि मूठ ओल्या फडक्यात धरून पातं पुन्हा निखाऱ्यात लाल होईपर्यंत ठेवलं. निवू दिलं. अक्कानं नाळ कापली तेव्हा मी डोळे मिटले होते.

सगळं नीट झालं, हे सगळ्यांना दिसत होतं. मला दिसत नव्हतं. मी सारखं पोरीच्या हनुवटीवर बोट ठेवून तोंड उघडून बघायचे. झोपली तरी उघडायचे. जांभई दिली की जीव भांड्यात पडायचा, ओठ मिटले की पुन्हा बाहेर.

"दूध पाजतेस का दात मोजतेस?" आत्ती म्हणायच्या. "त्या अक्काला बोलावू का, ती कानडीत सांगेल. मग तुला नक्की कळेल."

जाऊबाईंच्या मुलाचं तोंड ज्या सुमारास मिटलं होतं ते दिवस आले. मला घास जाईना. पोरगी झोपेत ओठ घट्ट दाबून पडली होती आणि त्या दिवशी तिला हात लावायचं माझं धाडस होईना. दारात सावली पडली. जाऊबाई होत्या. किती तरी महिन्यांनी त्या आमच्या खोलीत पाऊल टाकत होत्या. त्यांनी दारातल्या बादलीत हात धुतले, पदराला न पुसता वाऱ्यावर वाळवले आणि बाळाशेजारी बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. करंगळी तिच्या ओठांना लावली.

ओठ हलले. मग उघडले, आणि करंगळी आत गेली.

"ओढतीय की गं," जाऊबाई हळू म्हणाल्या. "केवढ्या जोरात ओढतीय."

बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मग पोरीला फसवणूक कळली आणि तिनं तोंड वासून असा सूर लावला की भिंतीपलीकडून दीर विचारायला लागले काय झालं म्हणून.

"बोटातनं काय निघणार बाई," जाऊबाई तिला म्हणाल्या. त्यांनी तिला उचललं, मान सांभाळून माझ्या मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "घे. भुकेलीय ती."

मी पदर सारला. तिचं पिऊन होईपर्यंत जाऊबाई तिथंच बसून राहिल्या.