माहुलीच्या झाडावरचा पाळणा

पाळणा दरीत फेकायचा, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. माहुलीगड पाहायची हौस यजमानांच्या कल्याणच्या मित्राला. लढाईचे दिवस, शहापुरात रॉकेल मिळेना, आणि या दोघांना पडक्या दरवाज्यांचा सोस! मीही येते म्हणाले तेव्हा यजमानांना बरं वाटलं, कारण मुलगी गेल्यापासून मी उंबरा ओलांडला नव्हता. माझ्या पदराआड वीतभर लाकडी पाळणा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गडावरच्या महादेवाला मी नवस बोलले होते, पोर चालू लागली की पाळणा बांधीन. सुताराकडून तो करून आणला, आणि भिंत धरून उभी राहणारी माझी यमू तापाने गेली. सासूबाई म्हणाल्या, "पोरच नाही, तर फेड कसली?" फेडायचं कुणाला होतं! देवाचं देवाच्या तोंडावर मारून यायचं होतं. असा कडू जीव घेऊन मी तो चढ चढले.

वर दरवाज्याशी पाहुणे कोरीव दगड दाखवत राहिले. गड कुणी बांधला, कुणी जिंकला, माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी एकटीच पुढे गेले. टाक्यापलीकडे उघड्यावर पिंड होती आणि शेजारच्या झाडाला नवसाचे पाळणे. ते पाहून अंगाचा तिळपापड झाला. इतक्यांचं ऐकलंस, माझंच जड झालं होय तुला? मी कड्याकडे वळले.

"तिकडं नको गो बाय, गवत निसरडं हाय."

मागे मोळी घेतलेली म्हातारी उभी होती, पायथ्याच्या कुठल्याशा पाड्यातली. पाळण्याकडे पाहून तिने विचारलं, "पोर घरी ठेवलीस?"

"गेली."

तिने हळहळ केली नाही. मोळी खाली टेकवली. "माझी दोन गेली. त्यांचं पन हितंच टांगलंय."

"चालायच्या आधीच गेली. मग नवस फिटतो का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ता मना नाय ठावं. पन बघ, झाडावर भरलेला पाळना हाय का यक तरी? समदे रिकामेच टांगतात. जगलेल्यांचा कुठला, माझ्या पोरांचा कुठला, मना बी नाय वळखाय येत."

मी मटकन खाली बसले आणि पोटभर रडले. माझ्याजवळ दोरीसुद्धा नव्हती, फेकायच्या वस्तूला दोरी कशाला? तिने मोळीचा वेल सोडून मला दिला आणि सुटलेल्या फाट्या कवेत घेऊन ती उतरून गेली.

ती नेमकी त्या घटकेला तिथे कशी आली, मला सांगता येत नाही. यमू परत आली नाही. महादेवावरचा रागही पुरता गेलेला नाही, अजून दिवा लावताना कधी हात थबकतो. पण राग घेऊनही त्याच्या पायाशी बसता येतं, एवढं त्या दिवशी कळलं. पाळणा झाडाला बांधून निघताना मी वळून पाहिलं. वाऱ्याने सगळेच पाळणे हलत होते. त्यांतला माझा कुठला, मला ओळखू आला नाही, आणि तेवढ्यासाठी मी हात जोडले.