सिसीन म्हणणारे चाचा

माणूस दमतो म्हणजे किती दमतो, ते मी इलाहीबक्षचाचांकडं बघून शिकले. मिलच्या माग खात्यात खडखडाटावर ओरडून ओरडून त्यांचा घसा पार गेलेला. म्हणून सत्त्याहत्तर साली त्यांना आमच्या कार्डाच्या खोलीत बसवलं. कंप्युटर मुंबईला, हितं आमी बायका नुसती त्याच्यासाठीची कार्डं भोकं पाडून पंच करायचो. चाचांनी कागद मोठ्यानं वाचायचा, आमी कार्डावरचं जुळवायचं. आवाज गेला की काम गेलं, आणि घरी अजीजाचाची अंथरुणाला खिळलेल्या.

दर गठ्ठ्यात कंप्युटरला हुकूम देणारी इंग्रजी अक्षरांची कार्डं असायची, त्यात एस वाय एस आय एन असायचंच. चाचा एका दमात म्हणायचे, सिसीन. ई एक्स ई सी आलं की एग्झेक. घशाला तेवढाच आराम, आमच्या कानातबी तेच बसलेलं.

मग आमच्या खोलीवर नवे साहेब आले, शिवशरणसाहेब, मुंबईला कोर्स करून. शहाणपण नुसतं उतू जात होतं. असले गावठी उच्चार ऐकून मुंबईचे लोक हसतील म्हणे, अक्षर न् अक्षर सुटं वाचा. मी म्हटलं, चाचांचा घसा तरी बघा की. तर म्हणे, काशम्मा, तुम्ही तुमची कार्डं बघा. मेल्याच्या जिभेला हाड न्हाय!

चाचा तसंच वाचायला लागले. दिवसभर एस, वाय, एस, मधी पाण्याचा घोट, परत आय, एन. दिवाळीनंतर आवाज घोगरा झाला, मग कुजबुजीवर आला. माझ्या शेजारी बसून पंच करणारी सावित्रम्मा घरून ज्येष्ठमध आणायची. त्यानं काय होतंय!

संक्रांतीच्या सुमाराला मुंबईच्या कंप्युटरचे मोठे साहेब आले. आमचा गठ्ठा चाळत त्यांनी सहज विचारलं, "यातलं सिसीनचं कार्ड कुठाय?"

शिवशरणसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. पाहुणे गेल्यावर ते चाचांजवळ आले, आता तुमच्या पद्धतीनंच वाचा म्हणाले.

चाचांनी कागद उचलला, तोंड उघडलं. आवाजच फुटंना. परत करून बघितलं, तरी न्हाय. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. चाचांनी नुसते ओठ हलवले, सिसीन. आमी ओठ बघून कार्डं जुळवायला लागलो.

तवापासून साहेबांची पावलं वाजली की सावित्रम्मा चाचांच्या कागदावरचं मोठ्यानं वाचायची. बाईचा आवाज कुठला आणि बाप्याचा कुठला, कुणालाबी कळंल की. साहेब दारात जरा वेळ थांबायचे, आणि आत न येताच माघारी जायचे.